व्हेनिसला पोचण्याचा दिवस: दारापासून उलटं मोजत

व्हेनिसचं विमान किंवा ट्रेन चुकली म्हणून सहसा कोणाचा दिवस वाया जात नाही. दिवस वाया जातो शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये. शहराच्या टोकाला, पियात्साले रोमा नावाच्या चौकात, मोटारींचा रस्ता संपतो. त्याच्या बाजूलाच सांता लुचिया स्टेशनात रूळ संपतात. तिथून पुढे टॅक्सी नाही, रिक्षा नाही, सायकलही नाही. उरतात बोटी, पायऱ्यांचे पूल आणि हातातली बॅग. वीस-बावीस तास जागं असलेल्या माणसाला हे तिन्ही एकदम जमत नाहीत.

म्हणून हा दिवस मुंबईपासून पुढे न आखता मुक्कामाच्या दारापासून मागे आखायचा. दार कुठे आहे, त्याच्या सगळ्यात जवळचा बोटीचा थांबा कोणता आणि मध्ये पूल किती, हे कळलं की विमानतळावरून काय पकडायचं ते आपोआप ठरतं. बरेच जण याच्या उलट करतात. विमान स्वस्त मिळालं म्हणून रात्री साडेदहाला उतरणारं घेतात, खोली सुंदर दिसली म्हणून चार पुलांपलीकडची घेतात, आणि मग दोन्हींचा हिशोब पायांना चुकवावा लागतो.

खोली ठरवताना विचारायचे प्रश्न

बुकिंग पक्कं करण्याआधी घरमालकाला किंवा हॉटेलला एकच निरोप पाठवा आणि त्यात हे सगळं विचारा:

१. सगळ्यात जवळचा वापोरेत्तोचा थांबा कोणता? (वापोरेत्तो म्हणजे तिथली सार्वजनिक बोट, आपल्या शहर बससारखी.)
२. त्या थांब्यापासून दारापर्यंत पूल किती?
३. खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का? इटलीत तळमजला मोजत नाहीत, म्हणजे 'पहिला मजला' हा एक जिना चढूनच येतो. जुन्या इमारतींत लिफ्ट नसणं हीच रीत आहे, आणि जिने उंच पायऱ्यांचे असतात.
४. रिसेप्शन किती वाजेपर्यंत उघडं असतं? रिसेप्शनच नसेल तर किल्ली कोण, कुठे, किती वाजता देणार?
५. बिछान्यावर मच्छरदाणी किंवा खिडकीला जाळी आहे का? (मे ते सप्टेंबर हा प्रश्न विनोदाचा नाही. तिथले डास आपल्या डासांना भारी आहेत.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'फक्त पाच मिनिटं' असं आलं तर पुन्हा विचारा. पाच मिनिटांत तीन पूल येऊ शकतात. बॅग नसताना ती पाच मिनिटं असतात, बॅग असताना वीस होतात.

भाग निवडायचा तर पहिल्यांदा जाणाऱ्याने सान मार्को या प्रसिद्ध चौकाच्या भागामागे लागू नये. शहराचे सहा भाग आहेत: कान्नारेजो, कास्तेल्लो, दोर्सोदुरो, सान मार्को, सान पोलो आणि सांता क्रोचे. यांतला कान्नारेजोचा स्टेशनजवळचा पट्टा सामानवाल्यांसाठी सगळ्यात सोपा. सांता लुचियातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दी स्पान्या या रस्त्याने चालत गेलं, तर गुल्येच्या पुलापर्यंत वाटेत एकही पूल लागत नाही. हा रस्ता फार देखणा नाही, दोन्ही बाजूंना पर्यटकांसाठीची दुकानं आणि खानावळी आहेत. पण आजीआजोबा किंवा लहान मूल बरोबर असेल तर पहिल्या रात्रीसाठी देखण्या खिडकीपेक्षा सपाट रस्ता मोलाचा. पियात्साले रोमाजवळचा सांता क्रोचेचा भागही याच कारणाने सोयीचा.

मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं, मोटारींचं, साधं शहर. तिथली हॉटेलं स्वस्त आणि लिफ्टवाली असतात. रात्री उशिरा पोचणार असाल तर पहिली रात्र मेस्त्रेला काढून सकाळी बेटावर, म्हणजे मूळ व्हेनिसमध्ये, जाणं हा अगदी शहाणपणाचा मार्ग आहे. पूर्ण मुक्काम मात्र तिथे करू नका. संध्याकाळी दिवसभराचे प्रवासी परत गेल्यावर जे शहर उरतं त्यासाठीच तर एवढं जायचं.

बॅग

विमान कंपनी २३ किंवा ३० किलो नेऊ देते म्हणून तेवढं भरायचं नाही. व्हेनिसची मर्यादा वेगळी आहे: जी बॅग तुम्ही एका हाताने उचलून पंचवीस पायऱ्या चढू आणि तेवढ्याच उतरू शकता, तीच तुमची बॅग. बहुतेकांच्या बाबतीत ही मर्यादा १४-१५ किलोंच्या आसपास येते. घरीच तपासा. भरलेली बॅग घेऊन इमारतीचे दोन मजले न थांबता चढा. तिसऱ्या वळणावर हात बदलावा लागला तर काहीतरी काढायचं आहे.

आकाराचाही नियम आहे. वापोरेत्तोच्या तिकिटात एक बॅग मोफत धरली जाते, पण तिची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५० सेंटीमीटरच्या आत हवी. आपल्याकडची 'मोठी' २८ इंची बॅग बहुधा याच्या बाहेर जाते, मधली २४ इंची आरामात बसते. चार जणांच्या कुटुंबाने दोन मोठ्या बॅगांऐवजी चार मध्यम बॅगा न्याव्यात. प्रत्येकाला आपापली उचलता येते.

चाकांबद्दल: चार छोटी गरगर फिरणारी चाकं विमानतळाच्या फरशीवर छान चालतात, पण व्हेनिसच्या दगडी फरसबंदीच्या फटींत अडकतात आणि पुलाच्या पायरीवर आपटून तुटतात. दोन मोठ्या रबरी चाकांची बॅग किंवा सरळ पाठीवरची सॅक बरी. पुलावर बॅग पायरीपायरीने ओढत नेऊ नका. धाड धाड आवाज गल्लीभर घुमतो, रात्री तर लोक खिडकी उघडून बघतात, आणि चाकाचा आसही वाकतो. वर ओढायचं हँडल आत दाबायचं, बाजूच्या कापडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीला धरायचं, बॅग आडवी मांडीजवळ घ्यायची आणि कठड्याच्या बाजूने चढायचं. दोघे असाल तर एकाने पुढची, दुसऱ्याने मागची मूठ धरायची. वजन जास्त येतं खालच्यावर, तेव्हा तरुण माणूस खाली.

उचलणं शक्यच नसेल तर पियात्साले रोमा आणि स्टेशनाजवळ सामान वाहणारे हमाल मिळतात. इटालियनमध्ये त्यांना पोर्ताबागाल्यी म्हणतात. ते लांब हातगाडी पायऱ्यांवरून चढवतात. दर आधी ठरवायचा, बॅगांचा आकडा बोटांनी दाखवून. 'मदत करतो' म्हणत बॅगेला स्वतःहून हात घालणारे वेगळे. त्यांना आणि तिकीट मशीनपाशी बटणं दाबून द्यायला येणाऱ्यांना सरळ 'नो, ग्रात्सिए' म्हणायचं.

विमान आणि शेंगेनचा दरवाजा

मुंबईहून व्हेनिसला जाताना एकदा विमान बदलावं लागतं असं धरूनच चाला. दोन तऱ्हा आहेत, आणि त्यांतला फरक नवख्यांना नेमका ट्रान्झिटमध्ये कळतो.

दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर पासपोर्टची तपासणी व्हेनिसला उतरल्यावर होते. फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा पॅरिसमार्गे गेलात तर ती तिथेच होते, कारण शेंगेन भागात (म्हणजे आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) तुमचं पहिलं पाऊल तिथे पडतं. पुढचं व्हेनिसचं विमान मग देशांतर्गत असल्यासारखं असतं. म्हणून युरोपात विमान बदलणार असाल तर मध्ये अडीच-तीन तास ठेवा. दीड तासाचं कनेक्शन तिकिटावर कायदेशीर असतं, पण रांगेला त्याची माहिती नसते. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर नवी प्रवेश-निर्गम नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, आणि एकेका माणसाला जास्त वेळ लागतो.

हातातल्या पिशवीत कागदी प्रती ठेवा: मुक्कामाचं बुकिंग, परतीचं तिकीट, प्रवास विमा. 'कुठे राहणार, किती दिवस, परत कधी' हे तीन प्रश्न विचारले जातात. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते.

खाऊबद्दल: युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड आणि तुपाचा डबा घरीच ठेवायचा. फळंही नाहीत. हापूसची पेटी विमानतळावर जप्त होते, आणि ते दृश्य बघवत नाही. भडंग, चकली, तेलातले ठेपले, शेंगदाण्याची चटणी चालते. चटणी चांगली दुहेरी पिशवीत बांधा, बॅग आपटते.

आता घड्याळ. इटली भारताच्या मागे आहे: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. पुण्याचा माणूस रात्री नऊला घरून निघतो, पहाटे चारच्या सुमारास मुंबईहून उडतो, आखातात विमान बदलून तिथल्या दुपारी एक-दीडला उतरतो. पासपोर्ट, सामान, बस, बोट होऊन दाराशी पोचेपर्यंत साडेतीन-चार होतात. म्हणजे भारतात संध्याकाळचे साडेसात. घर सोडून साडेबावीस तास. या दिवशी संध्याकाळी कुठलंही संग्रहालयाचं किंवा गोंडोल्याचं आगाऊ तिकीट काढू नका. थकलेल्या डोळ्यांना सगळ्या गल्ल्या सारख्या दिसतात आणि पैसे परत मिळत नाहीत.

मार्को पोलो विमानतळावरून बेटावर

व्हेनिसचा मुख्य विमानतळ मार्को पोलो. काही स्वस्त विमानं त्रेव्हीझोला उतरतात, तो विमानतळ बराच दूर आहे आणि तिथून बसने यावं लागतं. तिकिटावरचं नाव नीट वाचा.

मार्को पोलोपासून तीन मार्ग आहेत.

बस हा सगळ्यात स्वस्त मार्ग. आगमन कक्षाबाहेरच थांबे आहेत. एसीटीव्हीची ५ नंबरची बस आणि एटीव्हीओची एक्स्प्रेस बस, दोन्ही पियात्साले रोमाला जातात, साधारण २० ते २५ मिनिटांत. एकेरी तिकीट १० युरो. दोन कंपन्यांची तिकिटं एकमेकींच्या बसमध्ये चालत नाहीत. मशीनवर घाईत बटण दाबताना हीच चूक होते. मुक्काम स्टेशनाजवळ, सांता क्रोचेत किंवा ग्रँड कॅनालच्या (शहरातल्या मुख्य रुंद कालव्याच्या) सुरुवातीच्या थांब्यांजवळ असेल तर बसच घ्या.

आलिलागुना ही विमानतळावरून थेट बेटावर जाणारी बोट. भाडं माणशी पंधरा-वीस युरोंच्या घरात, ऑनलाइन थोडं कमी. निळी लाइन मुरानो बेटावरून फोंदामेंते नोवे, पुढे सान झक्कारिया आणि सान मार्कोकडे जाते. नारिंगी लाइन कान्नारेजोच्या कालव्यातून गुल्येला आणि मग ग्रँड कॅनालमध्ये रिआल्तोच्या पुलाकडे जाते. बसपेक्षा खूप हळू, सान मार्कोपर्यंत सव्वा ते दीड तास. तरीही मुक्काम कास्तेल्लोत, फोंदामेंते नोवेजवळ किंवा रिआल्तोच्या जवळ असेल तर हीच घ्यावी, कारण बॅग एकदाच चढवायची आणि एकदाच उतरवायची. बोटींचा धक्का टर्मिनलपासून सात-आठ मिनिटं चालत आहे, सगळा मार्ग छताखाली आणि सपाट. आतल्या जागा पाण्याच्या पातळीला असतात आणि खिडक्यांवर मीठ साचलेलं असतं, तेव्हा 'बोटीने जाताना शहर दिसेल' ही अपेक्षा थोडी आवरून ठेवा. लाटांनी पोटात ढवळणाऱ्यांनी विमानातलं शेवटचं जेवण हलकं घ्यावं.

तिसरी, वॉटर टॅक्सी. लाकडी, चकचकीत, सव्वाशे-दीडशे युरो किंवा त्याहून जास्त. एकट्यादुकट्याला परवडत नाही. पण पाच-सहा जण, त्यांत गुडघे दुखणारं कोणी, आणि मुक्कामाला पाण्याकडून दार असेल, तर माणशी हिशोब करून बघा. बोट अक्षरशः पायरीशी लागते. मात्र आधी विचारा की दाराशी लागेल की 'जवळच्या धक्क्यावर'. भरती-ओहोटीनुसार काही अरुंद कालव्यांत ती शिरू शकत नाही.

रोम, फ्लोरेन्स किंवा मिलानहून ट्रेनने येणाऱ्यांसाठी एकच सूचना, पण ती मोठी आहे: 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' आणि 'व्हेनेत्सिया सांता लुचिया' ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. पाटीवर व्हेनेत्सिया दिसलं की लोक मेस्त्रेलाच उतरतात. बेटावर जायचं तर बसून राहा. त्यानंतर गाडी पाण्यावरच्या जवळपास चार किलोमीटरच्या पुलावर चढते. रेल्वेचा पूल १८४६चा, त्याला लागून मोटारींचा १९३३चा. दोन्ही बाजूंना पाणी दिसलं की पुढचं स्टेशन तुमचं. चुकून मेस्त्रेला उतरलातच तर घाबरू नका, दहा-बारा मिनिटांच्या लोकल गाड्या सतत असतात. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे दंड, मग तुम्ही ते विकत घेतलेलं का असेना.

वापोरेत्तोत चढणं

एका फेरीचं तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. महाग आहे, कारण तो पर्यटकांचा दर आहे. २४ तासांचा पास २५ युरो, ४८चा ३५, ७२चा ४५. दिवसात तीन वेळा बोट घेणार असाल तर पास परवडतो. पास पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून तास मोजले जातात, विकत घेतल्यापासून नाही. म्हणून पोचण्याच्या संध्याकाळी एकच फेरी असेल तर सुटं तिकीट घ्या आणि पास दुसऱ्या सकाळी सुरू करा. आलिलागुनावर हा पास चालत नाही.

चढण्याचा क्रम असा:

१. पियात्साले रोमाला बसमधून उतरल्यावर पाण्याच्या दिशेने खाली जा. स्टेशनवरून आलात तर दाराबाहेरच्या पायऱ्या उतरताच समोर ग्रँड कॅनाल आणि पलीकडे सान सिमिओने चर्चचा हिरवा घुमट दिसतो. थांब्याचं नाव 'फेरोव्हिया'.
२. मोठ्या थांब्यांना एकापेक्षा जास्त तरंगते धक्के असतात, ए, बी, सी, डी अशी अक्षरं लावलेले. आधी फळ्यावर लाइन नंबर आणि शेवटच्या थांब्याचं नाव शोधा, मग अक्षर. उलट्या दिशेची बोट बहुधा शेजारच्याच धक्क्यावरून सुटते.
३. तिकीट धक्क्याच्या तोंडाशी असलेल्या यंत्राला लावा. हिरवा दिवा आणि 'पीं' आवाज येईपर्यंत धरून ठेवा. गर्दी होती, यंत्र दिसलं नाही, ही कारणं तपासनीस रोज ऐकतो.
४. तरंगत्या धक्क्यावर उभं राहिलात की तो हलतो. बॅगेची चाकं आडवी करून पायांच्या मध्ये धरा.
५. बोट येते, धक्क्याला घासून थांबते, बोटीवरचा माणूस जाड दोर लोखंडी खुंट्याला दोन वेढे देऊन अडकवतो आणि मगच कठडा सरकवतो. तोवर पुढे घुसायचं नाही. आधी उतरणारे, मग चढणारे.
६. चढताच सॅक पाठीवरून काढून हातात घ्या. हा तिथला सगळ्यात कडक अलिखित नियम. मोठी बॅग मधल्या मोकळ्या जागेत, सामानाच्या कोपऱ्यात ठेवा, दारासमोर नाही.
७. दोन थांबे आधीच बॅग घेऊन दाराकडे सरका. बोट थांब्यावर फार वेळ उभी राहत नाही.

१ नंबरची लाइन ग्रँड कॅनालमधल्या जवळजवळ प्रत्येक थांब्यावर थांबते, सान मार्कोला पोचायला पाऊण तास. २ नंबर कमी थांबे घेते. ४.१ आणि ४.२, ५.१ आणि ५.२ या बेटाला बाहेरून वळसा घालणाऱ्या जोड्या आहेत. टिंबानंतरचा आकडा फक्त दिशा सांगतो. एक डावीकडून फिरते, दुसरी उजवीकडून. चुकीची पकडली तरी पोचाल, पण सगळं शहर फिरून. मध्यरात्रीनंतर 'एन' ही रात्रीची लाइन असते, बऱ्याच अंतराने.

बसच्या थांब्यावरून स्टेशनच्या बाजूला चालत जायचं झालं तर वाटेत वास्तुरचनाकार कालात्राव्हाने रचलेला, २००८ साली उघडलेला मोठा पूल लागतो. फोटोत फार सुंदर दिसतो. काचेच्या पायऱ्यांवर पावसात पाय घसरतो आणि पायऱ्यांची रुंदी सारखी नाही, त्यामुळे थकलेल्या पावलांचा अंदाज चुकतो. बॅग असेल तर एक थांबा बोटीनेच जा.

दार सापडणं

पुण्याच्या पेठांत राहिलेल्या माणसाला व्हेनिसचा पत्ता लगेच कळतो. तिथेही पत्त्यात बहुधा गल्लीचं नाव नसतं, भागाचं नाव आणि घराचा आकडा असतो. 'सान मार्को १' म्हणजे दोजेचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाचा, राजवाडा. तिथून आकडे गल्ल्यांतून वळसे घेत हजारांत जातात. कास्तेल्लोचे आकडे तर सहा हजारांच्या पुढे. शेजारच्या दोन दारांचे आकडे लागोपाठ असतात, पण समोरच्या दाराचा आकडा हजाराने वेगळा असू शकतो. म्हणून नुसता आकडा पुरत नाही. मालकाकडून गल्लीचं नाव, जवळचं चर्च किंवा चौक आणि दाराचा फोटो मागवून घ्या, आणि तो मोबाइलमध्ये इंटरनेटशिवाय उघडेल असा जतन करा.

गल्लीची नावं भिंतीवर पांढऱ्या चौकोनात काळ्या अक्षरांनी रंगवलेली असतात. तिथे त्यांना नित्सिओलेती म्हणतात, म्हणजे छोट्या चादरी. काही शब्द ओळखीचे करून ठेवा. 'काल्ले' म्हणजे बोळ. 'फोंदामेंता' म्हणजे कालव्याकाठचा रस्ता. 'कांपो' म्हणजे चौक ('पियात्सा' ही शहरात एकच, सान मार्कोची). 'सोतोपोर्तेगो' म्हणजे घराखालून जाणारी वाट, वाड्याच्या दिंडीसारखी. 'रिओ तेरा' म्हणजे बुजवलेला कालवा, आणि तो शब्द दिसला की खूश व्हा: रुंद आणि सपाट. एकाच नावाचे बोळ अनेक भागांत आहेत. 'काल्ले देल फोर्नो', म्हणजे भट्टीचा बोळ, जिथे पूर्वी पावाची भट्टी होती तिथे तिथे सापडतो. नकाशात शोधताना भागाचं नाव जोडलंच पाहिजे.

मोबाइलवरचा नकाशा अरुंद बोळांत वीस-तीस मीटर इकडेतिकडे उडी मारतो, आणि इथे तीस मीटर म्हणजे कालव्याच्या पलीकडचा काठ. निळा ठिपका चाळे करू लागला की त्याचा नाद सोडा. कोपऱ्यांवरच्या पिवळ्या पाट्या बघा: 'पेर रिआल्तो', 'पेर सान मार्को', 'आल्ला फेरोव्हिया'. आधी या पाट्यांनी जवळच्या मोठ्या चौकात या, बॅगेजवळ एकाला उभं करा आणि दुसऱ्याने मोकळ्या हातांनी दार शोधून यावं. बॅगेसकट शोधत फिरणं, हीच त्या दिवसाची सगळ्यात महागडी चूक.

पाणी चढलं, धुकं पडलं, संप झाला

ऑक्टोबर ते मार्च या काळात भरतीचं पाणी रस्त्यावर येऊ शकतं. त्याला आक्वा आल्ता म्हणतात. नोव्हेंबर १९६६मध्ये ते १९४ सेंटीमीटर चढलं होतं, १२ नोव्हेंबर २०१९ला १८७. आता समुद्राच्या तोंडांशी मोझे हे उचलते दरवाजे आहेत, ३ ऑक्टोबर २०२० रोजी ते पहिल्यांदा भरती अडवायला उभारले गेले. साधारण ११० सेंटीमीटरच्या वरचा अंदाज असला की ते उचलतात. त्याखालच्या भरतीत सान मार्कोसारखा सखल भाग तरीही ओला होतो. अशा वेळी लाकडी फळ्यांचे उंच मार्ग मांडतात. त्यांवर थांबून फोटो काढायचे नाहीत, मागे रांग असते. आदल्या रात्री नगरपालिकेचा भरतीचा अंदाज बघा आणि पोचण्याची वेळ भरतीच्या टोकाला येत असेल तर दोन तास स्टेशनावर सामानघरात बॅग ठेवून कॉफी प्या. भरती काही तासांत ओसरते.

दाट धुक्यात बोटींचे मार्ग बदलतात किंवा काही लाइन बंद राहतात. संप, म्हणजे 'शोपेरो', इटलीत आधी जाहीर होतो आणि बरेचदा शुक्रवारी असतो. प्रवासाच्या आठवड्यात हा शब्द आणि तारीख शोधून ठेवा.

पहिली संध्याकाळ

मुक्कामावर पासपोर्ट मागतील, तो द्यायचा. पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं त्यांना बंधनकारक आहे. शिवाय माणशी दर रात्रीचा पर्यटक कर, पहिल्या पाच रात्रींपुरता, बरेच जण रोख मागतात. थोडे सुटे युरो जवळ असू द्या. एटीएम बँकेचंच वापरा आणि 'रुपयांत रूपांतर करू का' असं यंत्राने विचारलं तर नकार द्या. तो दर नेहमी तोट्याचा असतो.

एप्रिल २०२४पासून ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे. बेटावर किंवा मेस्त्रेत रात्रभर राहणाऱ्यांना ते माफ आहे, पण माफीचा क्यूआर कोड आधी ऑनलाइन नोंदणी करून घ्यावा लागतो. तो घरून निघण्याआधीच मोबाइलमध्ये ठेवा.

जेवणाची वेळ सांभाळा. बहुतेक खानावळींची चूल दुपारी अडीचच्या सुमारास बंद होते आणि संध्याकाळी सातपर्यंत पेटत नाही. चार वाजता पोचलेल्या भुकेल्या माणसाने बाकारोत जावं. बाकारो म्हणजे उभ्याने खायचं छोटं मद्यगृह, काचेच्या कपाटात एकेक घासाचे पदार्थ मांडलेले. त्यांना चिकेत्ती म्हणतात. मासे खाणाऱ्यांची चैन आहे: पावावर फेटलेला कॉड मासा, कांदा आणि व्हिनेगरमधल्या सार्डिन. शाकाहाऱ्यांनी जपून. 'बिगोली इन साल्सा' हे नाव निरागस वाटतं, पण तो सॉस अँकोव्ही माशाचा असतो. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नको, हे दोन्ही म्हणायचं. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं की काही ठिकाणी मासा ताटात येतोच. मार्गेरिता पिझ्झा, वांग्याचे किंवा अळंबीचे प्रकार, अंड्याचा त्रामेत्सिनो सँडविच हे सुरक्षित. कॉफी काउंटरवर उभ्याने घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलात की भाव चढतो. दोन्ही दर लिहिलेले असतात.

पाणी विकत घ्यायची गरज नाही. चौकांतल्या छोट्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याचं आहे, बाटली भरून घ्या. पुलांच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका, दंड होतो. कान्नारेजोत स्ट्रादा नोव्हा या रस्त्याच्या रांगेत जुन्या चित्रपटगृहात भरलेलं सुपरमार्केट आहे. दही, फळं, पाव तिथून आणून खोलीवरच खा, वर छताकडे मात्र एकदा बघून घ्या.

मग अर्धा-पाऊण तास मोकळ्या हातांनी चाला, बोळांत उजवीकडून. पाय सुजलेले असतात, चालल्याने उतरतात. नऊच्या आधी झोपू नका, नाहीतर पहाटे अडीचला टक्क जाग येते. आणि झोपण्याआधी दिवा लावायचा असेल तर आधी खिडकी बंद करा, मग बटण दाबा. डास कालव्याकडून येतात.